हाक न मारण्याचा नियम

पठाडे सरांना शेवटचं पाहिलं ते खाम नदीच्या काठावर, बाभळीखालच्या दगडावर बसलेले. पाठ आमच्याकडे, तोंड पाण्याकडे. रविवारची पक्षीफेरी चालू होती आणि सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होते. फेरी त्यांचीच; पण पुढच्याला पक्षी दिसतो आणि मागच्याला नुसती हललेली फांदी, म्हणून मागे आपणच राहायचं, असं ते म्हणत.

भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही फेरी सुरू केली. या सांडपाण्यावर कुठले पक्षी, असं विचारणाऱ्यांना ते लाल पायांचे शेकाटे दाखवत. नियम एकच होता. कुणी बसून पाहत असेल तर हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. आहे तिथं थांबायचं. रिक्षावाले रफिकभाई पहिल्याच दिवशी ओरडले होते, "सर, कुछ दिखरा क्या?" समोरचा खंड्या उडाला. सर म्हणाले, "दिखरा था, रफिकभाई. आता तुमचीच रिक्षा धरून गेला." तेव्हापासून रफिकभाई खोकलासुद्धा रुमालात दाबत.

म्हणून त्या सकाळी सर बसले तेव्हा आम्ही थांबलो. दुर्बिणी त्यांच्या नजरेच्या दिशेनं वळल्या. पाण्यावर काहीच नव्हतं... तरी थांबलो. मग सरांच्या हातातली दुर्बीण घसरून गवतात पडली. रफिकभाई धावले, त्यांनीच सरांना उचलून रिक्षात घातलं. हृदयविकाराचा झटका होता. आधी आणलं असतं तर वाचले असते का, असं डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले.

काही आठवड्यांनी फेरी पुन्हा निघाली, तेव्हा सरांच्या पत्नी सुमनकाकू आल्या. यापूर्वी त्या कधीच आल्या नव्हत्या. रफिकभाई मान खाली घालून म्हणाले, "काकू, हम खडेच रह गये."

"घरी बी तसंच व्हतं," काकू म्हणाल्या. "ते गॅलरीत बसले की मी चहाचा कप बी वाजू द्यायची नाय... चला आता." आणि त्या सगळ्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

बाभळीपाशी एक जण बुटाची नाडी बांधायला खाली बसला. मागून खणखणीत आवाज आला, "काय झालं हो? बरं हाय ना?"

"बरंय काकू. नाडी सुटली."

तोवर शेकाटे उडून पार पलीकडच्या काठाला गेले होते. आम्ही दुर्बिणी खाली केल्या आणि पुढे निघालो.

आता दर रविवारी काकू मागे असतात. सरांची दुर्बीण त्यांच्या गळ्यात असते, झाकण लावलेली. कुणी जरा जास्त वेळ थांबलं, की हाक येते.