सुमनबाईच्या बकऱ्या

अंगणात मोहफुलं वाळत घातली की त्यांचा गोड, उग्र वास घरभर पसरतो आणि मला धानोऱ्याची ती जुनी दुपार आठवते. शेजारच्या सुमनबाईच्या बकऱ्या आमची मोहफुलं खात होत्या आणि मी दारात बसून नुसती बघत होते. एरवी याच बकऱ्यांवरून मी तिच्याशी कडाकडा भांडायचे. पण त्या वर्षी झोप उडाली होती, जेवण नकोसं झालं होतं, बोलणंही सुचत नव्हतं. सासूबाई मात्र कौतुकाने सांगायच्या, सून आता शहाणी झाली.

सुमनबाई कुंपणापाशी आली. बकऱ्या राहिल्या बाजूला, ती माझ्याकडेच पाहत राहिली.

"काऊन वं, आज शिव्या नाई देत?"

"मनच नाई लागून राह्यलं बाई. कशातच नाई."

"माह्या बहिणीचं असंच झालतं. गोळ्या घेऊन बरी झाली. चाल, उद्या गडचिरोलीले डॉक्टरले दाखवू."

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं. गोळ्या बरेच महिने चालल्या.

पुढच्या उन्हाळ्यात बकऱ्या पुन्हा अंगणात शिरल्या आणि मी ओरडले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. सुमनबाई मात्र कुंपणाला टेकून माझ्या शिव्या शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.