तबकातल्या तांदळातलं नाव

माझ्या मुलीला दोन देशांची नागरिक करावं ही टूम माझ्या मेहुण्याने काढली. बायकोचा थोरला भाऊ, दमणचा. पोर्तुगालचा पासपोर्ट काढून इंग्लंडला गेला आणि तिथे एका कारखान्यात बिस्किटांची खोकी भरू लागला. वर्षातून एकदा आमच्या विरारच्या घरी येई, तेव्हा मात्र सोफ्यावर अशा ढबीत बसे की तो कारखाना ह्याच्या बापाने उभारलाय असं वाटावं.

त्या वर्षी मुलगी सात वर्षांची होती. चहाचा कप हातात घेऊन तो म्हणाला, "शेठ, हिचा कागद केलात की नाही?"

"कसला कागद?"

"तुमची बायको दमणला जन्मली तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. म्हणजे ती जन्मानेच त्यांची, आणि तिची मुलगीपण त्यांची. लिस्बनला नोंद करायची, बस. का हिलाही केळी मोजायला बसवणार?"

केळी मोजूनच मी त्याच्या बहिणीला तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवलं होतं. वसईजवळच्या गिरीजच्या वाड्यांतून केळीचे घड खांद्यावर वाहून मी धंदा सुरू केला. त्या वर्षापर्यंत विरारला माझ्या दोन वखारी झाल्या होत्या. हे मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि दुसरं बिस्कीट उचललं.

पण त्याचं बोलणं डोक्यातून जाईना. राग वेगळा आणि मुलीचा फायदा वेगळा, एवढं मला कळतं. मी दमणला जाऊन एका एजंटाला गाठलं. तो म्हणाला, दोन्ही पासपोर्ट ठेवा, कोण बघतंय. कोण बघतंय म्हणणाऱ्या माणसाकडून मी कधी माल घेतला नाही, म्हणून वसईच्या कोर्टातल्या एका वकिलाला विचारलं. त्याने सरळ सांगितलं, आपल्या कायद्यात दोन नागरिकत्वं नाहीत. तिकडचा पासपोर्ट हातात आला की इकडचा परत करायचा. मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. नंदाखालला नारळाची एक वाडी मी मुलीसाठी हेरून ठेवली होती. एका पारड्यात ती वाडी आणि दुसऱ्यात सगळा युरोप. ज्या पोर्तुगीजांना वसईतून हाकलून अडीचशे वर्षं झाली, त्यांच्या दारात मी अर्ज घेऊन उभा राहणार, ह्याचंही हसू येत होतं. तरी मी ठरवलं, आधी कागद तयार तर होऊ देत. घ्यायचं की नाही ते मग बघू.

कागद तिथेच अडकले. एजंटाने दमणच्या जन्मनोंदीच्या वहीतून बायकोच्या जन्माचा उतारा काढला, मुलीचा दाखला शेजारी ठेवला आणि म्हणाला, "शेठ, ह्या दोन वेगळ्या बायका आहेत."

वहीत तिचं माहेरचं नाव. मुलीच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, फ्लॅटच्या करारावर मी लग्नात ठेवलेलं नाव.

आमच्याकडे लग्नात नवरा तबकात तांदूळ पसरून अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. दमणला तिच्या माणसांत ही रीत नव्हती. भटजींनी मला आधी विचारलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. तिचं नाव मला आवडायचं. मग पंगतीच्या वेळी मेहुणा त्याच्या चुलत्याला गुजरातीत म्हणाला, बहीण केळेवाल्याला देऊन बसलो. त्याला वाटलं, मला कळत नाही. मी रोज गुजराती व्यापाऱ्यांशी भाव करत होतो. हातातलं पाणी टाकून मी उठलो आणि भटजींना म्हटलं, तबक आणा. तांदळात जे नाव पहिलं सुचलं ते लिहिलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. हे का झालं ते मी कोणाला सांगितलं नाही.

आता एजंट म्हणाला, दोन्ही नावांची बाई एकच, असं बायकोचं प्रतिज्ञापत्र हवं आणि सोबत माहेरच्या माणसाचं हवं. सासूसासरे गेलेले. माहेरचा माणूस म्हणजे मेहुणाच.

पुढच्या डिसेंबरात तो आला तो दुसराच कागद खिशात घेऊन. दमणच्या बापाच्या घरावरचा बहिणीचा हक्क सोडल्याचा. "ही सही इथे, माझी सही तिथे," तो म्हणाला. "मुलीचं भलं होतंय, शेठ. घराच्या चार भिंतींसाठी अडू नका."

मी चार दिवस मागून घेतले. दमणला माझी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्याकडून कळलं की ह्याने घराचा सौदा ठरवलाय आणि घेणारा बहिणीच्या सहीशिवाय पुढे सरकत नाही. घरपट्टीच्या कागदावर बहिणीचं माहेरचं नाव. म्हणजे ती बाई आणि ही बाई एकच, हे त्यालाही सिद्ध करायचं होतं. त्याची गरज माझ्यापेक्षा मोठी होती. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आधी तुमचं प्रतिज्ञापत्र. आणि घराच्या पैशातला निम्मा हिस्सा माझ्या मुलीच्या नावे."

"आठ वर्षांच्या पोरीला एवढा पैसा कशाला?"

"आठ वर्षांच्या पोरीला पोर्तुगाल कशाला, ते तुम्हीच सांगितलंत ना?"

तो चिडला, उठला, पुन्हा बसला. दोन दिवसांनी कबूल झाला. मी आयुष्यात बरेच सौदे केले, पण त्या दिवसासारखी झोप मला कधी लागली नाही.

वकिलाने स्टॅम्पपेपरवर सगळं टाइप करून आणलं. मेहुण्याने सही केली. मी बायकोपुढे तिचा कागद सरकवला. ती ओट्याजवळून हात पुसत आली, उभ्याउभ्याच वाचू लागली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, लग्नानंतर मी स्वखुशीने नाव बदललं."

"तसंच लिहितात," मी म्हटलं.

"प्रतिज्ञेवर खोटं लिहितात?"

मेहुणा खुर्चीत मागे रेलला. "सांगा शेठ. कोणाच्या खुशीने?"

"तू गप्प बस, दादा," ती म्हणाली. "पंगतीत तू काय बोललास ते मी पण ऐकलं होतं." मग माझ्याकडे वळली. "ह्याचं बोलणं तुम्हाला लागलं. तुम्ही उट्टं माझ्यावर काढलंत. चौदा वर्षं तुम्ही मारलेल्या हाकेला मी ओ देतेय."

मुलगी आतल्या खोलीत पाढे म्हणत होती.

तिने कागद परत माझ्याकडे सरकवला. मुलीच्या पासपोर्टसाठी ती सही करणार नव्हती, आणि घरासाठीही नाही. आधी तिचं नाव परत, सगळ्या कागदांवर. मुलीला कुठला देश हवा ते मुलगी अठराची झाल्यावर तिला विचारायचं, तेव्हाही नोंद होऊ शकते असं एजंटच म्हणाला होता.

मी भाव करून पाहिला. घरात जुन्या नावाने हाक मारतो, कागदांचं राहू दे. नाही. बरं, मुलीच्या दाखल्यावर करू, रेशनकार्डाला हात नको लावायला. नाही. फ्लॅटचा करार तरी. तिने एक पैसाही कमी केला नाही. इतक्या वर्षांत ती हे माझ्याकडूनच शिकली असणार.

मेहुणा दोन्ही सह्यांशिवाय इंग्लंडला परत गेला. त्याचा सौदा मोडला. त्याचं मला आजही बरं वाटतं.

राजपत्राचा फॉर्म मी आठ महिने आणला नाही. आणला तेव्हा त्यात नाव बदलण्याच्या कारणाचा रकाना होता, एका ओळीचा. मला तिथे मेहुण्याचं पंगतीतलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं होतं. बायको म्हणाली, "लिहा, नवऱ्याने ठेवलेलं नाव नको आहे." मी 'वैयक्तिक कारण' असं लिहायला घेतलं. तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपलं वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग वर्षभर मी एकेका खिडकीवर तो कागद घेऊन उभा राहिलो, आणि प्रत्येक कारकुनाला तिचं नाव मोठ्याने सांगितलं.

पुढच्या वर्षी मुलगी अठराची होईल. नंदाखालची वाडी मी मधल्या काळात घेतली आहे, माझ्या नावे. मुलगी कुठला देश निवडेल ते मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही. तिच्या दाखल्यावरचं आईचं नाव आता दमणच्या वहीशी जुळतं. म्हणजे दमणचं घर विकायला मेहुण्याला जिची सही हवी होती, ती बाईसुद्धा आता कागदावर सापडते. त्याला मी हे कळवलेलं नाही.