शिवदाराच्या गाठी

मला राग लवकर येतो. सासूबाई म्हणायच्या, हिच्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. असेना. नाक माझं, राग माझा.

वळसंगजवळच्या आमच्या खेड्यातून तेव्हा सकाळी एकच सर्व्हिस मोटार सोलापूरला जायची. क्लीनर हँडल मारून मारून घामाघूम व्हायचा, तेव्हा कुठं ती सुरू व्हायची. गावातली मोठी मुलं तिच्यातून हायस्कुलात जायची आणि मुलींत एकटी माझी लेक. चौथी झाल्यावर तिला पुढं शिकवायची म्हणून मी हट्ट धरला होता. तिच्या वडिलांना कसं राजी केलं ते माझं मला ठाऊक. त्यापायी घरात कितीतरी दिवस अबोला होता.

आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात, चांदीच्या डबीत घालून, दोऱ्यात. त्या दोऱ्याला आम्ही शिवदार म्हणतो. ते अंगावेगळं होऊ द्यायचं नाही. दोरा तुटून पडलंच, तर घरी येऊन पूजा करून पुन्हा बांधेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. आमच्या घरात हा नेम कडक होता आणि पोरीनं तो माझ्याहून जास्त अंगी बाणवून घेतला होता.

मग तिचा डबा भरलेला परत यायला लागला. ज्वारीची भाकरी मी सकाळी घडी घातलेली तशीच. विचारलं तर म्हणायची, भूक नव्हती. शाळेतून आलेल्या पोरीला भूक नव्हती म्हणे. आल्याबरोबर पूजेला बसायची, आणि उठली की चुलीपाशी येऊन अधाशासारखी जेवायची.

एका संध्याकाळी तिचे केस विंचरताना मानेवर लाल ओरखडा दिसला. दोरा बाहेर काढून पाहिला तर त्याला गाठीवर गाठ. मी फणी खाली ठेवली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

तिनं दोरा माझ्या हातातून सोडवून घेतला. मग म्हणाली, "अव्वा, अप्पांना सांगू नको. शाळा बंद करतील."

मोटारीत तिच्या मागच्या बाकावर गावातल्या अडत्याचा थोरला मुलगा बसायचा. आमच्यातलाच. मनात आलं की तो मागून शिवदाराला झटका द्यायचा. दोरा तुटून डबी खाली घरंगळायची, बाकीची पोरं हसायची. ही बाकाखाली वाकून ती शोधायची, गाठ मारायची आणि दिवसभर उपाशी वर्गात बसायची.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परक्या पोराला हे सुचलं नसतं. एक झटका दिला की पोरगी संध्याकाळपर्यंत उपाशी राहते, हे ज्याच्या स्वतःच्या गळ्यात लिंग आहे त्यालाच कळणार. मेल्याला नेम पाळायला नको होता, पण दुसऱ्याला कुठं दुखतं ते बरोबर ठाऊक होतं.

सकाळी मी मोटारीपाशी जाऊन ड्रायव्हरला धरलं. तो विडी ओढत म्हणाला, "पोरं हायती अक्का, चेष्टा करत्यात. लईच वाटत असंल तर पोरीला घरी ठिवा की."

हे बोलणं संध्याकाळपर्यंत आमच्या ह्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "बास झालं शिक्षण. सोमवारपासून घरी." चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, "रविवार तरी जाऊ द्या."

रविवारी जेवायच्या वेळेला मी अडत्याच्या दारात गेले आणि कट्ट्यावर बसले. त्याची बायको पदर खोचून बाहेर आली. "या अक्का, पानं मांडलीच आहेत, बसा."

"जेवायचं नाही. माझी लेक तुमच्या लेकामुळं रोज उपाशी येते. त्याचा निकाल लागेपर्यंत मी इथंच बसते. तुम्ही जेवून घ्या."

कसली जेवते ती? दारात माणूस उपाशी बसलेलं असताना आमच्यात घरातल्या कुणालाही वाढत नाहीत. मला ते ठाऊक होतं आणि तिलाही. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी सगळं सांगितलं.

अडत्या आतून ओरडला, "काय तमाशा लावलाय? पोरगी एवढी नाजूक असंल तर घरात बसवावी."

मी म्हटलं, "माझी पोरगी धड आहे. बिघडलाय तुमचा. त्याला बसवा."

ऊन कट्ट्यावर आलं तरी कुणी उठलं नाही. शेवटी पोरगाच बाहेर आला, भुकेनं तोंड वाकडं करून. आईनं विचारलं, "तू तिचं शिवदार तोडलंस?"

"चेष्टा केली," तो म्हणाला. "आणि तीच येडी हाय. गुपचूप खाल्लं असतं तर कुणाला कळणार होतं?"

त्या बाईचा हात आपोआप स्वतःच्या छातीशी, आपल्या लिंगावर गेला.  मग म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी मी मोटारीपाशी येईन. तिला विचारीन, जेवलीस का म्हणून. ती हो म्हणाली तर तुला रात्री ताट. नाही म्हणाली तर तू उपाशी." आतून अडत्या काहीतरी बोलला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मग आत जाऊन तिनं सगळ्यांना वाढलं, मलाही. मी जेवले.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले, "सोमवारी जाऊ दे तिला. परत काही झालं तर बंद."

सोमवारी संध्याकाळी मोटार आली तेव्हा आम्ही दोघी आया तिथं उभ्या होतो. आधी तो उतरला आणि खाली मान घालून बाजूला थांबला. मग माझी लेक उतरली. अडत्याच्या बायकोनं विचारलं, "जेवलीस का बाई?"

लेकीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "नाही," ती म्हणाली.

पोराचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या आईनं त्याला दंडाला धरलं आणि घरी नेलं.

 संपली शाळा.  घरी येऊन दार लावलं आणि तिची मान पाहिली. दोरा नवा होता, मी रविवारी ओवलेला, त्याला एकही गाठ नव्हती. मग डबा उघडला.

रिकामा. चटणीसुद्धा पुसून खाल्लेली.

ती माझ्याकडं बघत उभी होती, रागावते का म्हणून. मी डबा घासायला घेतला.