पाणबुडीचा नेम

कोलकात्याला बदली झाली तेव्हा, घर मिळेपर्यंत मी बालीगंजच्या एका गेस्ट हाउसमध्ये राहत होतो. संध्याकाळी जेवणघरात बसून लॅपटॉपवर पाणबुडीचा गेम खेळायचो. नेम कॉम्प्युटर धरायचा, मी नुसतं बटण दाबायचो. शेजारच्या टेबलावरचे वयस्कर बंगाली गृहस्थ हे रोज बघत. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. एकदा खुर्ची ओढून ते म्हणाले, "हिसाब खुद कीजिए ना!"

मग शिकवणीच सुरू झाली. डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायचं, घड्याळ लावून वेग मोजायचा. चहाचा कप टेबलावर सरकवत ते सांगायचे, "जहाज जहाँ है वहाँ नहीं, जहाँ पहुँचेगा वहाँ मारिए."

आठवड्याभरानं माझा टॉर्पेडो मालवाहू जहाजाला लागला. मी आनंदानं ओरडलो. त्यांनी मात्र चष्मा काढला.

"इंजिन रूम में लगा," ते हळूच म्हणाले. "मैं तीस साल वहीं काम करता था."

मी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "कौन कौन से बंदरगाह देखे आपने?"

ते बोलत राहिले. जेवणघर रिकामं झालं तरी आम्ही उठलो नाही.