आईंना कोविड नव्हता

माझ्या सासूबाईंना कोविड झालाच नाही. तरी त्या साथीतच गेल्या.

आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असे. आमचं घर शहरातल्या अन्नपूर्णा भागात. राऊ गावच्या कॉलेजात शिकवायला जाता जाता मी त्यांना हॉस्पिटलात सोडायची. दुसऱ्या लाटेत तिथला डायलिसिसचा वॉर्ड कोविडच्या पेशंटांसाठी रिकामा केला. दुसरीकडे कुठे बेड नाही, कुठे आधी रिपोर्ट आणा. आईंच्या पायांवर सूज चढली, मग धाप लागायला लागली. “मला कोविड नाहीये गं, सांग ना त्यांना,” त्या सारखं म्हणायच्या. रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्याच दुपारी त्यांनी घरीच प्राण सोडला.

टीव्हीवर रोज मृतांचा आकडा येई. त्यात आई नव्हत्या. मला याचा राग उशिरा आला. पण आला तो गेला नाही.

डायलिसिसच्या बाकावर ओळख झालेले एक रिक्षावाले होते; सगळे त्यांना भिया, म्हणजे भाऊ, म्हणत. लॉकडाऊन उठल्यावर खजरान्याच्या देवळाबाहेर भेटले. त्यांची बायकोही अशीच गेली होती. “भाभीजी, मेरी वाली को भी कोविड नहीं था,” ते म्हणाले. मंगळवारी आम्ही दोघं कलेक्टर ऑफिसात जनसुनवाईला, लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, गेलो.

साहेबांनी अर्ज वाचला. “मैडम, उन्हें कोविड तो नहीं था न?”

“नहीं था. इसीलिए आई हूँ.”

मग मी एका दमात सगळं सांगितलं. नुसती कोविडची माणसं मोजलीत तर पुढच्या साथीतही हाच वॉर्ड आधी बंद कराल. नेहमीपेक्षा एकूण किती जास्त माणसं गेली, ती कशानं गेली, ते बघा. आम्हाला भरपाई नको. डायलिसिस बंद होणार नाही, एवढं लेखी द्या.

साहेब बदलले की पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. भिया रिक्षाची सवारी सोडून यायचे. हळूहळू आणखी घरं सोबत आली. शेवटी हॉस्पिटलच्या आपत्कालीन योजनेत ते आलं: साथीत डायलिसिस वेगळ्या इमारतीत, वेगळ्या गेटनं चालूच राहील.

भियांनी तो कागद दोनदा वाचला. रुमालानं डोळे पुसले आणि विचारलं, “तो अब बस?”

“बस कसं? अजून आपल्या माणसांना मोजलंय कुठे?” मी म्हटलं. त्यांनी रिक्षा सुरू केली, पुन्हा कलेक्टर ऑफिसाकडे.