एक घर उघड, एक घर मीट

सदानंद गेल्याचं त्याच्या मुलीने, मृणालने, फोनवर सांगितलं तेव्हा मी दादरच्या घरी भाजी निवडत होतो. सव्वा महिना झाला. तेव्हा रडू आलं नाही. आलं ते परवा, एक साधा भागाकार करताना...

मी दादरला राहायला जाईपर्यंत ठाकूरद्वारच्या वाडीत आम्ही वर्षानुवर्षं शेजारी. सदा विमा कचेरीत नोकरीला, पण जीव सगळा डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढायच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यात. त्याच्याकडे दोन लेन्स होत्या, एक दीडशे मिलिमीटरची, दुसरी दोनशे दहाची. दोन्हींची शटरं सारखीच, फरक फक्त उजेड आत सोडणाऱ्या छिद्राचे आकडे कोरलेल्या पितळी पट्टीत. मी उजेडाचं मीटर बघून सोळा सांगितलं, की मोठ्या लेन्सला तो म्हणायचा, "एक घर उघड," आणि छोटीला, "एक घर मीट." घर म्हणजे पट्टीवरचा एक आकडा. कारण विचारलं तर म्हणे, "मोठीला कमी दिसतं, धाकटीला जास्त. वयाचा फरक आहे रे." वाडी त्याला चक्रम म्हणायची. मीही म्हणायचो.

आता वाडी पाडणार आहेत. सगळ्यांचा शेवटचा फोटो बाबांच्याच कॅमेऱ्याने काढायचा, असं मृणालने ठरवलं. फिल्म दोनच उरल्या होत्या, आणि फोटो बिघडला तर ही चाळीस माणसं पुन्हा एका जिन्यावर उभी राहणार नव्हती. बाबांची खोड पाळायची की पट्टीवर विश्वास ठेवायचा, असं तिने मला विचारलं. मला छातीठोक सांगता येईना, म्हणून आम्ही मोजायला बसलो. मोठ्या लेन्सचा काटा सोळावर आणून समोरून फुटपट्टी धरली. लेन्सचे मिलिमीटर भागिले पट्टीवरचा आकडा, तेवढं छिद्र रुंद असतं; दोनशे दहा भागिले सोळा, म्हणजे तेरा मिलिमीटर हवं. भरलं नऊ. छोटीचं नऊ हवं होतं, ते भरलं तेरा. पट्ट्यांची अदलाबदल झाली होती.

मग आठवलं. वीसेक वर्षांपूर्वी सदा काविळीने अंथरुणाला खिळला असताना मी हौसेने दोन्ही लेन्स पुसल्या होत्या आणि पट्ट्या काढून, देवाच्या समया घासाव्यात तशा, चिंचेने लखलखीत केल्या होत्या. त्याची खोड त्यानंतरचीच. पहिली निगेटिव्ह धुतानाच त्याला कळलं असणार. दोन स्क्रू फिरवले असते की काम झालं असतं, पण मग चूक माझी होती हे मला कळलं असतं. त्यापेक्षा त्याने चक्रम म्हणवून घेतलं. मला फार लाज वाटली, आणि तिथेच रडू आलं.

मृणालला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा बोलले असते, तर तुम्ही परत कॅमेऱ्याला हात लावला नसतात, काका." ते खरं होतं.

पट्ट्या आम्ही आपापल्या जागी बसवल्या. रविवारी सगळे जिन्यावर उभे राहिले. मीटर बघून मी सोळा म्हणालो, मृणालने सोळा लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. एक घर उघड किंवा मीट, असं म्हणायला आता कुणी नव्हतं.