हिलालभाऊंचे ठिपके

पक्षाच्या धुळे तालुका कचेरीत अध्यक्ष आले, गेले, काही तर पक्षच सोडून गेले. सभासदांची यादी मात्र एकतीस वर्षं हिलाल पाटलांच्याच हातची. माणूस सरळ. पण सरळ माणसाचीही एखादी खोड चार जणांना गोत्यात आणते. हिलालभाऊ मेलेल्याचं नाव कापत नसत.

दरवर्षी दिवाळीनंतर ते एसटीने गावोगाव जाऊन सभासदांच्या सह्या घेत. एखाद्या घरी कळायचं, आबा गेले. समोर त्यांची बायको चहाचा कप घेऊन उभी. तिच्यादेखत तिच्या माणसाच्या नावावर रेघ ओढायला हात धजायचा नाही. मग नावापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा आणि पुढची बस धरायची. वार्षिक सभेत ते ठिपक्याचं नावही पुकारत, क्षणभर थांबत आणि पुढे जात. तेवढ्यात मागच्या सतरंजीवर कुणीतरी सरकून बसल्यासारखं त्यांना वाटे. त्याची भीती वाटायची, आणि ती भीती सोडवतही नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको बेबाबाई गेली. एकोणिसावा ठिपका तिचा.

यंदा धनसिंगआबांनी वयापायी अध्यक्षपद सोडलं आणि नव्या माणसासाठी चुरस लागली. एकीकडे प्रेमराजनाना, हिलालभाऊंच्या गावचे, लहानपणापासूनचे सोबती. दुसरीकडे कुंदनभाऊ, ज्यांच्या गाड्या आधी येतात आणि मग ते. यादीचे फोटो मोबाईलवर फिरले. कुंदनभाऊंची माणसं काही दुधखुळी नव्हती. ठिपक्यांचा अर्थ लावायला त्यांना एक आठवडा पुरला.

मतदान रविवारी सकाळी झालं. हिलालभाऊंनी नाव पुकारायचं, सभासदाने ‘हाजर’ म्हणून पुढे यायचं, चिठ्ठी घेऊन पेटीत टाकायची.

“सुकदेव भिकन माळी,” त्यांनी पुकारलं आणि सवयीने थांबले. सुकदेवला जाऊन सहा वर्षं झाली होती.

“हाजर,” मागून कुणीतरी म्हणालं.

हिलालभाऊंनी दचकून यादीतून मान वर केली. पाहतात तो गॉगल लावलेला एक पंचविशीतला गडी चिठ्ठीसाठी हात पुढे करून उभा. तेव्हाच त्याला धरायला हवं होतं. पण धरायचं म्हणजे, माझ्या यादीत मेलेली माणसं आहेत, हे एकतीस वर्षांनी भर सभेत कबूल करायचं. त्यांनी चिठ्ठी दिली आणि पुढचं नाव पुकारलं. एकेक ठिपका पुकारला जात होता आणि एकेक ठिपका उठून येत होता.

“बेबाबाई हिलाल पाटील.”

“हाजर.”

बाईचा आवाज, जरा घोगरा. दोन वर्षांत या नावाला कुणी ओ दिली नव्हती. हिलालभाऊंना आनंद झाला. लाज वाटावी असा, पण आनंदच. डोक्यावर पदर घेतलेली कुणी अनोळखी बाई टेबलाशी आली. त्यांनी आपल्या हाताने तिला चिठ्ठी दिली आणि ती पेटीपर्यंत जाईस्तोवर तिच्याकडे पाहत राहिले.

कुंदनभाऊ तीन मतांनी निवडून आले. प्रेमराजनानांनी लगेच हरकत घेतली. जळगावहून आलेल्या निरीक्षकांनी पक्षाचा रिवाज सांगितला: यादी ज्याने राखली, त्याचा शब्द शेवटचा. तो यादी खोटी म्हणाला, तर मतदान रद्द, आणि खोटी नावं सगळ्यांदेखत त्यानेच कापायची. नाना टेबलाशी आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“हिलाल, बेबावहिनीले मी खांदा दिन्हा व्हता,” ते म्हणाले. “बाकीनं ऱ्हाऊ दे. तू इतलंच सांग, ती गयी.”

निरीक्षकांनी लाल पेन पुढे सरकवलं. हिलालभाऊंनी ते उचललं नाही. समोर उभा असलेला माणूस खरा आहे, त्याच्यावर अन्याय झालाय आणि तो आपल्यामुळे झालाय, हे त्यांना पुरतं कळत होतं. नाना वाट पाहत होते. हिलालभाऊ त्यांच्या खांद्यावरून मागे, पेटीकडे बघत राहिले.

“ती हाजर व्हती ना, नाना,” शेवटी ते म्हणाले आणि त्यांनी साऱ्या सभेवरून हात फिरवला. “बठ्ठासनी आयकं.”